‘बरी झालीस ना तू?’

माझ्या उजव्या बगलेच्या मागे एक लांब व्रण आहे. जन्मले तेव्हा माझी अन्ननलिका अखंड नव्हती. वरचा भाग मध्येच बंद, खालचा श्वासनलिकेला जोडलेला. साधारण साडेतीन हजारांत एका बाळाला असं होतं. पूर्वी ही बाळं जवळजवळ सगळी दगावायची. १९४१ साली अमेरिकेत कॅमेरॉन हेट या सर्जननी अशी अन्ननलिका एकाच ऑपरेशनमध्ये पहिल्यांदा यशस्वीपणे जोडली. त्यामुळे मी आहे.

यंदा घरात स्थळं बघायला सुरुवात झाली. मी म्हटलं, ऑपरेशनचं सांगायला हवं. आई म्हणाली, “कशाला? बरी झालीस ना तू?”

मी अडकले. मला भाकरी पाण्याशिवाय उतरत नाही. ताटावरून सगळ्यांत शेवटी मीच उठते. हा माझा स्वभावच, असं मी धरून चालले होते. मागच्या वर्षी घास अडकला, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, “शेवटची एंडोस्कोपी कधी केली?” तिसरीत असताना!

जोडलेली अन्ननलिका घास नीट खाली ढकलत नाही. पोटातलं ॲसिड वर येत राहतं आणि वर्षानुवर्षं आलं तर आतलं अस्तर बदलू शकतं. म्हणून २०१६च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना मोठेपणीही, त्रास नसला तरी, तपासणी सुरू ठेवायला सांगतात. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. लहान मुलांच्या डॉक्टरांचं काम संपलं आणि मोठ्यांच्या डॉक्टरांकडे मी पोचलेच नाही. माझ्या कामात दुरुस्ती झाली की तिकीट बंद होतं, पण सर्व्हरवरची नजर हटत नाही.

तरी तक्रार करायची लाज वाटते. जीव वाचला, आणखी काय मागायचं? दवाखान्यात काढलेल्या रात्री मला आठवत नाहीत, आईबाबांना आठवतात. ‘बरी झाली’ हे त्यांच्या तोंडी नवस फेडल्यासारखं येतं. पण उपकार मानायचे म्हणून स्वतःच्या शरीराबद्दल अडाणी राहायचं, हे मला पटत नाही.

आणि समोरच्याला सांगायचं का? कालपर्यंत मलाच माहीत नव्हतं, म्हणून गप्प राहणं खोटं नव्हतं. आता माहीत आहे. आता गप्प राहिले तर ते लपवणं होईल.

मी आईला एवढंच म्हटलं, “जुनी फाइल दे.” तिने साड्यांच्या कपाटातून एक प्लास्टिकची पिशवी काढली. अठ्ठावीस वर्षांत एकही कागद हरवलेला नव्हता.