डाव्या आसनावरचा श्रोता

एखादी वस्तू तिच्या किमतीस योग्य आहे की नाही, हा प्रश्न आपण बाजारात इतक्या सहजपणे विचारतो की, तो नीतीचाही प्रश्न असू शकेल ही शंका मनास शिवत नाही. मलाही ती शिवली नसती. परंतु गेल्या हिवाळ्यात करोलबागेतील एका दुकानासमोर घडलेल्या लहानशा प्रसंगाने मला विचारात टाकले.

वस्तू होती मोटारीत बसवावयाचा डिजिटल सिग्नल प्रोसेसर; व्यवहारात त्यास डीएसपी म्हणतात. तळहाताहून थोडी मोठी अशी ही पेटी. मजुरीसह किंमत २२,००० रुपये. दिल्लीत सरकारी कारकुनी करणाऱ्या माणसाने एवढी रक्कम शौकापायी खर्चावी काय, याचा विचार करणे मला प्राप्तच होते.

पेटीचा गुण मात्र खोटा नाही. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. उजवा स्पीकर त्याच्या कानाशी, तर डावा दूर. माझ्या गाडीत हा फरक सुमारे ५० सेंटिमीटर भरला. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे उजवीकडील आवाज सेकंदाच्या हजारांश भागाच्या दीडपट आधी पोहोचतो. एवढ्याशा काळाने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. पण जो ध्वनी आधी येतो त्याच्याच दिशेला कान गाण्याचा उगम मानतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ साली या विषयावर प्रबंध लिहिला. त्यामुळे गवई समोर न बसता उजव्या दारात कोंबल्यासारखा भासतो. ही पेटी जवळच्या स्पीकरला तेवढाच काळ थांबवून धरते आणि त्याला पुन्हा मध्यभागी आणून बसविते.

दुकानदाराने ती माझ्याच गाडीत तात्पुरती जोडून दाखविली. पहिल्या ऐकण्यात मी थक्क झालो. मग लक्षात आले की, दुसऱ्या वेळी आवाजही किंचित चढलेला होता, आणि चढा आवाज मनुष्याला नेहमीच सरस वाटतो. दोन्ही वेळचा आवाज सारखा करून पुन्हा ऐकले. फरक कायम होता. समोरच्या काचेच्या ऐन मध्यावर गायक उभा राहिला होता. मी खिशात हात घातला.

तोच शेजारून पत्नी म्हणाली, ‘‘अहो, मला तर सगळं माझ्याच दारातून ऐकू येतंय. मघाशी निदान थोडं तिकडूनही येत होतं.’’

हिशेब उघड होता. तिच्या कानाला डावा आवाज मुळातच दीड हजारांश आधी पोहोचत होता. त्यात उजवा मी आणखी दीड हजारांश रोखून धरला. माझे अंतर शून्य झाले, तिचे दुप्पट. दुकानदाराने प्रांजळपणे सांगितले की, ही जुळणी एकाच आसनासाठी असते. दोघांसाठी हवी असल्यास ती बंद ठेवावी!

एकट्याने सुख भोगणे हे पाप आहे, असे मी म्हणत नाही. कानाला यंत्र लावून ऐकणारा दुसऱ्याच्या वाट्याचे काही घेत नाही. येथे मात्र माझ्या सुखाची काही किंमत शेजारच्या आसनाने द्यावयाची होती, आणि ती पावतीवर कोठेच लिहिलेली नव्हती.

खरी अडचण पुढेच आली. ती म्हणाली, ‘‘घ्या ना. मला कुठं त्यातलं एवढं कळतं?’’ घराघरांतून पुरुषांचे किती शौक अशा वाक्यांवर उभे असतात! तिला कळत नाही म्हणावे, तर बिघाड प्रथम तिनेच ओळखला होता. ही संमती होती की सवय, याचा निवाडा मला त्या आसनावरून करता येईना.

रोज एकट्याने दूरचा प्रवास करणाऱ्यास ही पेटी २२,००० रुपयांना महाग नाही, असे मी आजही सांगेन. मी कचेरीला मेट्रोने जातो; आमची गाडी रविवारीच निघते आणि त्यात दोन्ही आसने भरलेली असतात. म्हणून मी ती घेतली नाही. यास त्याग म्हणण्याचे कारण नाही. मथुरा रोडच्या गोंगाटात कधी कधी काचेच्या मध्यावरचा तो गायक मला आठवतो, आणि त्याचे नसणे जाणवते.