इतिहास कोणासाठी वाचावा?

सणांचे दिवस संपले आणि अमेरिकेहून माझ्या धाकट्या भावाच्या नातीचा टेलिफोन आला. मुलगी न्यू जर्सीत अकरावीला आहे. मराठी तोडकेमोडके बोलते, पण बोलते. म्हणाली, "आजोबा, आमच्या शाळेत ए.पी. वर्ल्ड हिस्टरीचा वर्ग नाही. घरीच अभ्यास करून परीक्षा देऊ का? कॉलेजच्या अर्जावर बरे दिसेल."

हे ए.पी. प्रकरण पुष्कळ वाचकांना ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. अमेरिकेत कॉलेज बोर्ड ही संस्था हायस्कूलच्या मुलांसाठी कॉलेजच्या तोडीच्या परीक्षा घेते. परीक्षा मे महिन्यात, गुण १ ते ५. वर्गात न बसताही ती देता येते. मात्र परीक्षेला बसू देणारी शाळा शोधून नोव्हेंबरच्या मुदतीत नाव नोंदवावे लागते आणि सुमारे १०० डॉलर फी पडते. निकाल जुलैत लागतो, म्हणजे बारावीत दिलेल्या परीक्षेचा प्रवेशाला उपयोग नाही. द्यायची तर तिला यंदाच.

मला आपला १७ नंबरचा फॉर्म आठवला. मी मुंबईत नोकरी सांभाळून बाहेरून एस.एस.सी. झालो. पानिपतची कारणे आणि परिणाम गाईडमधून घोकले, पास झालो, आणि आज त्यातले एक कारण धड सांगता येत नाही. पण त्या सर्टिफिकेटावर मला कारकुनी मिळाली आणि घरची चूल पेटली. तेव्हा फायद्यासाठी शिकू नये, असे मी कोणत्या तोंडाने सांगू?

तरी एक फरक आहे. मला इतिहासाची आवड आहे असे मी कोणाला भासवले नव्हते. तिला कॉलेजपुढे आवड दाखवायची आहे. आवड असेल तर दाखवण्यात काही वाईट नाही. नसेल तर ते खोटे झाले, आणि सतराव्या वर्षी असे खोटे स्वतःलाही खरे वाटू लागते. शिवाय गरज तरी कोठे आहे? शाळेत जो वर्गच नाही तो का घेतला नाही, असे कॉलेजे सहसा विचारीत नाहीत. मुलीला पाहताना तिच्या शाळेत काय मिळत होते तेही पाहतात.

मी विचारले, "वेळ कोठून काढणार?" जरा थांबून म्हणाली, "रविवारचा." रविवारी ती आजीला फिरायला नेते. माझ्या भावजयीचे गुडघे गेले आहेत; त्या नातीशिवाय दुसऱ्या कोणाबरोबर बाहेर पडत नाहीत. हा हिशेब अर्जात कोठेच लिहायचा नसतो.

मी नाही म्हटले नाही. अभ्यासक्रम पाहिला. तो इसवी सन १२०० च्या सुमारास सुरू होतो, म्हणजे नवगावचे आपले जहाज त्यात येण्याचा प्रश्नच नाही! पण मोगलांशी मराठ्यांचा संघर्ष उदाहरणादाखल दिला आहे. परीक्षेत सात कागद पुढे ठेवतात आणि त्यांवरून स्वतःचे मत मांडायला सांगतात. ते मला पटले, आणि अडचणही तेथेच दिसली. तारखा एकट्याने पाठ होतात. मत मात्र कोणी खोडून काढल्याशिवाय तयार होत नाही. घरी बसून शिकणाऱ्याला पुस्तक मिळते, खोडणारा मिळत नाही.

म्हणून तिला सांगितले, फॉर्म भरण्याआधी एक निबंध लिही आणि मला पाठव. मनापासून लिहिता आला तर पुढचे पाहू. आणि रविवार सोडून.

गेल्या आठवड्यात निबंध आला. मराठ्यांवर, चार पाने, इंग्रजीत. डिक्शनरी घेऊन दोन रात्री वाचला. मोगल दक्षिणेत दमले ते केवळ पैशाच्या ओढीमुळे, असे तिचे म्हणणे आहे. मला ते मुळीच मान्य नाही आणि तसे तीन पाने मराठीत कळवले आहे. भावजय म्हणतात, माझे पत्र नातीला त्याच वाचून दाखवतात, रविवारी, बागेतल्या बाकावर. उत्तर अजून यायचे आहे.