मोजणीबाहेरची पावलं

डिसेंबरातल्या एका रविवारी वसई-विरारचे मुख्य रस्ते काही तासांसाठी पायांच्या ताब्यात जातात. महापालिकेच्या मॅरेथॉनचा तो दिवस. 2011 साली सुरू झालेल्या या शर्यतीसाठी वाहतूक वळवली जाते, रिक्षा गल्लीबोळांत थांबून राहतात, नाक्यानाक्यावर लोक टाळ्या वाजवत उभे असतात. सोमवारी त्याच रस्त्याने स्टेशन गाठणाऱ्या बाईला मात्र एक हात वर करून, येणाऱ्या प्रत्येक चालकाच्या नजरेत नजर घालून पलीकडे जावं लागतं. धावणाऱ्यांसाठी जे जमतं ते चालणाऱ्यांसाठी का जमू नये, हे तिला कोणी सांगितलेलं नाही. तिनेही विचारलेलं नाही, तिला 7.12 ची लोकल पकडायची असते.

तीच बाई संध्याकाळी परतते तेव्हा पाहावं. वसई रोड असो, नालासोपारा असो की विरार, जिना उतरला की फूटपाथ नावाची गोष्ट शोधावी लागते. बऱ्याच ठिकाणी ती म्हणजे गटारावरची सिमेंटची झाकणं. दोन झाकणं चालून झाली की एक तुटलेलं. ते टाळलं की दुकानाची पायरी बाहेर आलेली, मग तिरप्या लावलेल्या तीन स्कूटर, मग विजेचा डीपी. भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत ती रस्त्यावर उतरते, पुन्हा चढते, पुन्हा उतरते. गुडघे दुखणाऱ्या माणसाने चढण्याचा नादच सोडलेला असतो. फूटपाथ सहा इंचांहून उंच नसावा आणि त्यावर किमान 1.8 मीटर मोकळी जागा असावी, असे इंडियन रोड्स काँग्रेसचे 2012 चे निकष सांगतात. दोन व्हीलचेअर एकमेकींना ओलांडून जाव्यात, एवढी ही जागा. इथे दोन छत्र्या समोरासमोर आल्या तरी एकीला रस्त्यावर उतरावं लागतं.

लगेच बोट जातं ते फेरीवाल्याकडे. ते सोपं आहे. पण त्याच्याकडून मेथीची जुडी घेणारं गिऱ्हाईक पायीच चालणारं असतं आणि फेरीवाल्यांना जागा नेमून देण्यासाठी 2014 चा स्वतंत्र कायदा आहे. सकाळपासून रात्रीपर्यंत फुकटात उभ्या असलेल्या मोटारीने अडवलेली जागा कुणाला अतिक्रमण वाटत नाही, हे जरा गमतीचंच.

दोष आहे तो मोजणीत. कोंडी गाड्यांची होते. माणसं नुसती खोळंबतात. महामार्गावर वसई फाट्याला वाहनांची रांग लागली की बातमी होते. तिथेच रस्ता ओलांडायला ताटकळलेल्या कामगारांची बातमी होत नाही, कारण त्यांची मिनिटं कुठल्याच हिशेबात धरलेली नसतात. माणसं हलवायची, वाहनं नव्हे, असं केंद्राचं शहरी वाहतूक धोरण 2006 सालीच सांगून बसलं आहे. 2011 च्या जनगणनेनुसार देशात शेतीबाहेरच्या कामांना जाणाऱ्यांपैकी सुमारे 23 टक्के लोक पायी जात होते आणि मोटारीने जेमतेम 3 टक्के. शिवाय लोकलचा प्रत्येक प्रवासी दोन्ही टोकांना काही पावलं का होईना, पादचारीच असतो.

2009 साली चार नगरपरिषदा आणि आसपासची गावं एकत्र करून वसई-विरार महापालिका झाली. 2011 मध्येच लोकसंख्या 12 लाखांवर होती. पण इथल्या निर्मळ, भुईगाव, नंदाखाल या बाजूचे रस्ते मुळात वाड्यांमधून जाणाऱ्या पायवाटांचे. खांद्यावर कावड, डोक्यावर भाजीची, फुलांची टोपली घेतलेली माणसं पहाटेच्या गाडीसाठी त्यांवरून चालली. आज तीच वाट पाण्याच्या टँकरची झाली आहे आणि टँकर समोर आला की माणसाने कुंपणाला चिकटायचं असतं.

चालणाऱ्याची मागणी ऐकली जाते, पण फार उशिरा. मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर 29 सप्टेंबर 2017 रोजी चेंगराचेंगरीत 23 जण गेले आणि त्यानंतर लष्कराने काही महिन्यांत नवा पूल उभा केला. म्हणजे जागाही होती, पैसाही होता. 2023 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,72,890 माणसं मेली, त्यांत 35,221 पादचारी होते. मेल्यावर मात्र चालणारा अचूक मोजला जातो.

अडथळ्याविना, अपंगांनाही वापरता येईल असा फूटपाथ हा घटनेच्या 21 व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये सांगितलं. पुण्याने 2016 मध्ये पादचारी धोरण स्वीकारलं आणि 11 डिसेंबर 2021 ला गजबजलेला लक्ष्मी रस्ता एक दिवस चालणाऱ्यांना दिला. पुण्यात सगळे फूटपाथ मोकळे झाले, असं कुणी पुणेकर म्हणणार नाही. पण लेखी धोरण असलं की निदान भांडायला कागद हाती असतो. हेलसिंकीने तर निम्म्याहून अधिक रस्त्यांवर ताशी 30 किलोमीटरची मर्यादा घातली आणि जुलै 2025 पर्यंतच्या वर्षभरात तिथे रस्त्यावर एकही बळी गेला नाही.

‘आमच्याकडे रस्ते अरुंद, जागा कुठून आणायची?’ हा प्रश्न खोटा नाही. रिक्षावाल्याचं पोट आहे, रुग्णवाहिकेलाही वाट हवी. पण जागा कमी असेल तर आधी कुणाला द्यायची, एवढाच प्रश्न उरतो आणि त्याचं उत्तर आजवर न विचारताच दिलं गेलं आहे.

आराखड्यावर हरकत घेणं वसईला नवं नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासह हरित वसईच्या आंदोलनात इथली माणसं विहिरी आणि झाडं वाचवायला रस्त्यावर उतरली होती. आता पुढचा उड्डाणपूल किंवा रुंदीकरण जाहीर होईल, तेव्हा वसईकरांनी प्रभाग समितीच्या कार्यालयात जाऊन एकच कागद मागावा: सकाळी सात ते दहा या वेळात इथून किती माणसं पायी जातात, त्याची नोंद.