दहा मिनिटं लवकर
आजचं शास्त्रवाचन: लूक 10:25-37

गेल्या रविवारी दादरच्या पुलावर एक आजी पायरीवर बसून धापा टाकत होत्या. मी थांबलो नाही. उपासनेला उशीर होत होता ना! चर्चमध्ये पोहोचलो, तर पाळकांनी नेमका हाच उतारा वाचला. याजक गेला, लेवी गेला; तिसरा मीच होतो.

शोमरोनी माणसाला नुसता कळवळा आला नाही. त्याने तेल, द्राक्षारस, स्वतःचं जनावर, दोन दीनार आणि आपली रात्रही दिली. वर परत येईन म्हणाला.

पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळाने नेले. पुढे 1896-97 च्या दुष्काळात त्याच रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, शेकडो मुलींना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातूनच उभं राहिलं. स्वतः सोसलेली भूक त्या विसरल्या नव्हत्या.

उपासनेनंतर मी पुन्हा पुलावर गेलो. आजी तिथे नव्हत्या.

प्रार्थना: प्रभू येशू, मला क्षमा कर. येत्या रविवारी घरातून दहा मिनिटं लवकर निघायला लाव, म्हणजे वाटेत थांबता येईल. आमेन.