अपराध्याचे नाव

इतिहासातील अन्यायाचे स्मरण ठेवावे, की त्याचे विस्मरणच समाजाच्या स्वास्थ्यास हितकर, हा वाद आपल्याकडे वारंवार झडतो. परंतु ते स्मरण कोणत्या आधारावर ठेवावे, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वसईसारख्या मुलखात, जिथे एकाच कोटाच्या आवारात दोन राजवटींच्या खुणा आढळतात आणि एकाच गावाच्या शिवेत देऊळ व चर्च नांदतात, राहणाऱ्या माणसाला तो टाळता येत नाही. म्हणूनच दुसऱ्या महायुद्धात नाझींनी केलेल्या सुमारे साठ लक्ष ज्यूंच्या संहाराचे स्मरण पुढील पिढ्यांनी कसे राखले, हे आपणही निरखून पाहणे अगत्याचे आहे.

त्या स्मरणाचा पाया, मृत्यू डोळ्यांसमोर दिसत असता, बळींनी स्वतःच घातला. वॉर्साच्या घेट्टोत चार लक्षांहून अधिक माणसे भिंतीआड डांबली गेली असताना, इमॅन्युएल रिंगेलब्लूम या इतिहासकाराने १९४० च्या नोव्हेंबरात एक गुप्त मंडळी उभी केली आणि रोजनिश्या, शाळकरी मुलांचे निबंध, शिधापत्रिका, भित्तिपत्रके, ट्रामची तिकिटे, इतकेच काय, गोळ्या-चॉकलेटांची वेष्टनेसुद्धा जमवून ती पत्र्याच्या पेट्यांत व दुधाच्या किटल्यांत भरून जमिनीखाली पुरली. १९४४ च्या मार्चमध्ये रिंगेलब्लूम सहकुटुंब मारला गेला. त्याच्या सुमारे साठ सहकाऱ्यांपैकी अवघे तिघे वाचले. पहिला ठेवा १९४६ मध्ये आणि दुसरा १९५० मध्ये ढिगाऱ्याखालून निघाला. तिसरा आजतागायत सापडलेला नाही. आपण वाचणार नाही, हे जाणणाऱ्या माणसांनी आपली कैफियत वाचली जावी एवढ्यासाठी हा खटाटोप केला.

दुसरे दप्तर खुद्द मारेकऱ्यांचे. छळछावण्यांच्या कारभाऱ्यांनी आपल्या शिरस्त्याप्रमाणे ठेवलेल्या नोंदी आणि युद्धोत्तर शोधकार्याचे कागद मिळून तीन कोटींहून अधिक दस्तऐवज जर्मनीतील आरोल्सन येथे जतन केले आहेत, आणि त्यांत पावणेदोन कोटी माणसांचा उल्लेख आहे. २०२० पासून जगभरातील स्वयंसेवक घरबसल्या त्यांतील कागद वाचून एकेक नाव सूचीत चढवीत आहेत. ज्यांचे त्या मृतांशी ना रक्ताचे नाते, ना धर्माचे, अशा माणसांनी हे काम अंगावर घ्यावे, यातच त्याचे नैतिक मोल आहे.

आता आपल्या कोटाकडे वळू. १५६० मध्ये गोव्यात स्थापन झालेल्या इन्क्विझिशन या पोर्तुगीज धर्मन्यायासनाच्या अंमलाखाली वसईही होती. वसईच्या हुकमतीत मोडणारे मुंबई बेट ज्याच्याकडे खंडाने होते, तो ज्यू वंशाचा वैद्य गार्सिया द ओर्ता १५६८ मध्ये निधन पावला. पुढल्याच वर्षी त्याच्या बहिणीला या न्यायासनाने जिवंत जाळले, आणि १५८० मध्ये त्याच्या अस्थी उकरून त्याही अग्नीच्या स्वाधीन केल्या. हे न्यायासन १८१२ मध्ये कायमचे बरखास्त झाले आणि त्याच्या खटल्यांचे बहुतेक दप्तर नष्ट करण्यात आले. लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात १६२३ पर्यंतच्या खटल्यांची एक सूची तेवढी उरली आहे.

दप्तर नाहीसे झाले की अपराध्याचे नाव नाहीसे होते, आणि निनावी झालेला अपराध मग एका सबंध समाजाच्या माथी मारता येतो. वसईच्या आजच्या ख्रिस्ती बागाईतदाराला सोळाव्या शतकातील न्यायासनाचा जाब विचारणारे लोक अधूनमधून भेटतात. परंतु ती उरलेली सूची असे सांगते, की आरोपींपैकी मोठा भाग बाप्तिस्मा घेऊनही जुने कुलाचार न सोडणाऱ्या एतद्देशीयांचा होता. अर्थात ज्याला जाब विचारायचा, त्याचाच एखादा पूर्वज त्या न्यायासनापुढे उभा असण्याचा संभव आहे. १७३९ च्या मे महिन्यात वसई घेताना मराठ्यांनी केलेल्या तहात ख्रिस्ती रयतेच्या उपासनेला मुभा होती, हेही कागदामुळेच ठाऊक आहे. कागद अपराध सिद्ध करतो, तसाच तो अपराधाला सीमाही घालतो.

मात्र कागद सावधपणे वाचावा लागतो. हिटलरच्या छळातून निसटून मुंबईस आलेल्या जर्मन ज्यूंना १९३९ च्या सप्टेंबरात इंग्रज सरकारने, पारपत्रावर जर्मन अशी नोंद असल्याच्या कारणावरून, शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून स्थानबद्ध केले. मुंबईच्या ज्यू रिलीफ असोसिएशनसारख्या संस्थेला त्यांच्यासाठी खटपट करावी लागली. उलट कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत १९४३ ते १९४८ या काळात राहिलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित पुष्कळदा ज्यू-संहाराच्या कथेत गोवले जातात. वास्तविक ते मुख्यतः सोव्हिएत सत्तेने सैबेरियाकडे हद्दपार केलेले कॅथलिक होते. त्यांचे दुःख उणे नव्हते, पण ते निराळे होते. आणि दोन दुःखांची सरमिसळ केल्याने दोहोंवरही अन्याय होतो.

आपल्या शिक्षणात याच विवेकाची वानवा आहे. हिटलरचे आत्मचरित्र आपल्याकडे पदपथावरील पथारीवर थोरांच्या चरित्रांशेजारी मांडलेले असते, आणि त्याच्या शिस्तीचे कौतुक सुशिक्षितांच्या बैठकीतही ऐकू येते. याला उपदेशाचा उतारा चालत नाही. रिंगेलब्लूमच्या पेटीतील एक शिधापत्रिका वर्गात मांडून तिच्यावर किती दिवस जगता येईल, हा हिशेब विद्यार्थ्याकडून करवून घेणे अधिक परिणामकारक ठरेल. वसईच्याच वीणा गवाणकर यांनी बर्लिन सोडून जावे लागलेल्या लीझ माइट्नर या शास्त्रज्ञ स्त्रीचे चरित्र मराठीत आणले आहे. ते आपल्या शाळांच्या कपाटात तरी असावे.

दस्तऐवजांचा ध्यास महाराष्ट्राला परका नाही. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून कागद गोळा केले, १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले, सरदेसायांनी पेशवे दप्तराचे ४५ खंड प्रसिद्ध केले. परंतु या थोर उद्योगाचा ओढा बहुधा राज्यकर्त्यांच्या पत्रव्यवहाराकडे राहिला; रयतेने काय सोसले, याचे दप्तर आपण फारसे मांडले नाही.

ते मांडण्याची साधने वसई-विरारमध्ये अद्यापि आहेत. चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या वह्या, कोटातील थडग्यांवरचे पोर्तुगीज लेख, घरोघरी फडताळात पडलेले मोडी कागद आणि वृद्धांच्या तोंडची हकीगत, यांना वाळवी आणि काळ यांच्यापासून वाचवणे हे सरकारचे काम आहेच. पण सरकारची वाट पाहत बसणे हा नागरिकांचा धर्म नव्हे. येत्या २७ जानेवारीला, संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेल्या स्मरणदिनी, येथील प्रत्येक महाविद्यालयाने दोन कामे आरंभावी: आरोल्सनच्या सूचीत काही नावे चढवावी, आणि मालकांच्या संमतीने आपल्या परिसरातील एका तरी जुन्या वहीची नक्कल करण्यास घ्यावी. परक्यांच्या मृतांची नावे काळजीपूर्वक लिहिणारा समाज स्वतःच्या इतिहासाशीही प्रामाणिक राहण्यास शिकेल.