आशय

वाराणसीच्या कचहरीत वकिली करणाऱ्या एका परिचितांनी मागे मला मोबाइलवरचे तीन मराठी निरोप पाठवले. ‘दीदी, बस इसकी हिंदी कर दीजिए.’ प्रकरण काशीतल्या एका मराठी घरातलं. भांडणात वहिनीने दिराला ढकललं, तो जिन्यावरून पडला आणि दगावला. त्याआधीच्या आठवड्यात तिने त्याला लिहिलं होतं, ‘मेल्या, मुडदा बशिवला तुझा. घरी ये, बघतेच तुला.’

माझी आजी हे वाक्य दूध उतू गेलं तरी म्हणायची. नातवंडांपैकी कुणालाही ते ऐकून कधी भीती वाटली नाही. पण हिंदीत ‘मुर्दा’ लिहिलं, की कागदावर प्रेत येऊन पडतं. तो शब्द टाळून नुसती ‘शिवी दिली’ अशी नोंद करावी, तर मी तिची वकील होते. रात्रभर ते एक वाक्य माझ्यासमोर होतं.

योगायोग असा की खुनाच्या कलमाची हिंदी भाषाही मराठी माणसाला चकवते. तिथे ‘आशय’ म्हणजे मनातला इरादा, आणि ‘हेतु’ म्हणजे कृत्यामागचं कारण: पैसा, मत्सर, सूड. मराठीत आशय असतो तो कवितेला, पत्राला. आणि ‘हेतू’ या एकाच शब्दावर आपण कारण आणि इरादा दोन्ही भागवतो. ‘त्याचा हेतू काय होता?’ हा प्रश्न मराठीत विचारला, की आपण नेमकं काय विचारतो आहोत हेच धड ठरत नाही. कायद्याला मात्र ते ठरवावं लागतं. माणूस मेला एवढं पुरत नाही. मारणाऱ्याच्या मनात काय होतं यावर खून की सदोष मनुष्यवध हे ठरतं, आणि एकेकाळी फाशी की काही वर्षांची शिक्षा हेही त्यावरच ठरे.

1876 साली मुंबई उच्च न्यायालयापुढे गोविंदा नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाचा खटला आला. त्याने आपल्या पंधरा वर्षांच्या बायकोला लाथा मारल्या, पाठीत गुद्दे घातले. ती खाली पडल्यावर तिच्या छातीवर गुडघा रोवून तोंडावर दोन-तीन ठोसे मारले. कवटी फुटली नाही, पण मेंदूत रक्तस्राव झाला आणि ती गेली. दोन न्यायमूर्तींचं एकमत होईना, म्हणून प्रकरण न्या. मेलविल यांच्याकडे गेलं. त्यांनी कायद्यातली दोन कलमं शेजारी-शेजारी मांडून जो फरक सांगितला, तो आजही विद्यार्थ्यांना शिकवला जातो. नाजूक जागी बसलेल्या मुठीने किंवा काठीने मरण येण्याचा संभव असतो. तिथेच तलवारीचा घाव बसला, तर सामान्यतः मरण येतंच. पहिला सदोष मनुष्यवध, दुसरा खून. गोविंदाला सात वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली. फाशी टळली.

त्या पोराच्या मनात कुणीही डोकावलं नाही, हे लक्षात घ्या. मोजली गेली ती मूठ. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला याचा संताप आला होता. छातीवर गुडघा रोवणाऱ्याच्या मनाबद्दल आणखी काय पुरावा हवा? आणि पंधरा वर्षांच्या मुलीच्या डोळ्यावर बसणारी मूठ कुठल्या तराजूत हलकी भरते? हा दुसरा प्रश्न माझ्यापुरता अजून सुटलेला नाही. खटला त्याच्या नावाने ओळखला जातो. तिचा उल्लेख फक्त वयाने होतो.

पहिल्या प्रश्नाबाबत मात्र माझं मत बदललं, ते नानावटी खटला वाचताना. 1959 साली नौदलातल्या या अधिकाऱ्याने बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या. झटापटीत रिव्हॉल्व्हर उडालं, असा बचाव होता. नऊपैकी आठ ज्यूरींनी त्यांना निर्दोष ठरवलं. दुखावलेल्या, सरळमार्गी नवऱ्याचं मन त्यांना स्वतःच्या मनासारखं स्वच्छ दिसलं असावं. उच्च न्यायालयाने आणि 1961 साली सर्वोच्च न्यायालयाने मन बाजूला ठेवून दिवसाचा क्रम वाचला. बायकोमुलांना सिनेमाला सोडणं, जहाजावर जाऊन खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेणं, मग त्या माणसाचं घर गाठणं. मधले काही तास. निकाल त्या क्रमातून निघाला. आपण ज्याला दुसऱ्याचं मन ओळखणं म्हणतो ते पुष्कळदा आपल्याच मनाचं भाषांतर असतं, आणि ते आपल्याला आवडणाऱ्या माणसाच्या बाजूने झुकतं. मूठ मोजणारा न्याय कोरडा खरा, पण निदान या मोहातून तो सुटतो.

काशीत राहून या विषयावर लिहायचं तर भट्ट घराण्याला वगळून कसं चालेल? पैठणहून आलेल्या या घराण्यातल्या नीलकंठ भट्टांनी सतराव्या शतकात ‘भगवंतभास्कर’ रचला, त्यात ‘व्यवहारमयूख’ वेगळा आणि ‘प्रायश्चित्तमयूख’ वेगळा. वादीप्रतिवादींचा निवाडा एका ग्रंथात, पापाचं क्षालन दुसऱ्यात. पाप जाणूनबुजून झालं की नकळत, हा भेद धर्मशास्त्रात जुनाच. त्यावर प्रायश्चित्त कमी-जास्त होतं. पण प्रायश्चित्त घेणारा आपल्या पायांनी येतो आणि मनातलं स्वतः सांगतो. खोटं बोलला तर फसतो तोच. कचहरीत आरोपी आपल्या मनाबद्दल जे सांगेल, त्यात त्याचा जीव अडकलेला असतो. (खरं सांगायचं ठरवलं तरी जमेल का, हीदेखील शंकाच आहे. ढकलण्याच्या क्षणी आपल्याला काय हवं होतं, हे त्या वहिनीला आज तरी ठाऊक असेल?)

सकाळी मी शब्दशः हिंदी केली. ‘मुर्दा’ ठेवला, आणि खाली टीप दिली की मराठी घरांत, विशेषतः बायकांच्या तोंडी, ही रागाची आणि कधीकधी लाडाचीही शिवी असते. इथे ती कोणत्या अर्थाने आली हे शब्दांवरून सांगता येत नाही. वकीलसाहेबांना टीप फारशी रुचली नाही. ‘इससे तो कुछ साबित नहीं होता,’ ते म्हणाले. मी हो म्हटलं.

दुसऱ्या निरोपात पैशांचा हिशेब होता. तिसरा त्या शिवीनंतर दोन दिवसांनी पाठवलेला: ‘येताना कढीपत्ता आण.’ ‘मीठा नीम’ लिहावं की ‘करी पत्ता’, यावर जरा अडले. मग बनारसी बाजारात चालतो तो शब्द लिहिला आणि पुढे निरोपाची तारीख आणि वेळही घातली.