आदामाचा सातबारा

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या वसईत एका मंडपात प्रार्थनासभा होती. प्रवचनकार बाहेरगावचे, आवाज खणखणीत, गर्दी भरपूर. त्यांनी दिलेला एक दाखला अजून माझ्या डोक्यातून जात नाही. ते म्हणाले, देवाने पृथ्वीचा सातबारा आदामाच्या नावे केला होता. आदामाने पाप केले आणि सातबाऱ्यावर सैतानाचे नाव चढले. येशूने क्रुसावर किंमत मोजून तो सोडवून आणला आणि वारस म्हणून आता आपली नावे लावली. तेव्हा उठा, हक्क सांगा! मग सात पर्वतांची यादी आली : कुटुंब, धर्म, शिक्षण, प्रसारमाध्यमे, कला, व्यापार आणि सरकार. या सातही शिखरांवर विश्वासणाऱ्यांनी ताबा मिळवायचा. मंडपातले हात वर गेले, आमेनचा गजर झाला. माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांचाही हात वर होता. दोनच आठवड्यांपूर्वी त्यांनी आपल्या वाडीतले बावखल मुरूम टाकून बुजवले होते.

वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. बावखल म्हणजे वाडीत खणलेले गोड्या पाण्याचे तळे. पावसाळ्यात ते भरते, आसपासच्या विहिरींना पाझर पुरवते आणि जमिनीखालून सरकणारे समुद्राचे खारे पाणी थोपवून धरते. केळी, पानवेली, मोगरा, सगळे त्याच्या जिवावर. जमीन ज्याच्या नावावर असेल त्याची. पाणी मात्र आळीचे.

सात पर्वतांची शिकवण अमेरिकेतून आली. बिल ब्राइट आणि लॉरेन कनिंगहॅम या दोन धर्मप्रचारकांकडे, १९७५ सालापर्यंत, तिचे मूळ नेले जाते. पुढे लान्स वॉलनाउ यांच्यासारख्यांनी तिला राजकारणाची धार दिली आणि आज तिथल्या निवडणुकांत ती उघडपणे बोलली जाते. तिचा सगळा डोलारा उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातल्या अठ्ठाविसाव्या वचनावर उभा आहे. देव माणसाला सांगतो की पृथ्वी भरून टाका, तिच्यावर आणि सगळ्या जीवांवर सत्ता चालवा. गंमत अशी नव्हे, दुःख असे, की या मंडळींचे कडवे टीकाकारही हेच वचन पुढे करतात. लिन व्हाइट या इतिहासकाराने १९६७ साली ‘सायन्स’ नियतकालिकात लेख लिहून पर्यावरणाच्या संकटाचे पाप या वचनामागच्या शिकवणुकीच्या पदरात घातले. तेव्हापासून दोन्ही पक्षांचे एका गोष्टीवर एकमत आहे : बायबलने माणसाला पृथ्वीचा मालक केले. एक पक्ष त्याबद्दल देवाचे आभार मानतो, दुसरा शिव्या देतो.

मला हे मूळ गृहीतच मान्य नाही. माणसाला मालक केले ते वचनाने नव्हे. ते झाले चौदाव्या शतकात, एका भांडणात, आणि त्या भांडणाकडे आपण फारच वरवर पाहतो.

आधीची हजार-बाराशे वर्षे भरभर ओलांडू. पृथ्वी परमेश्वराची आहे, हे चोविसावे स्तोत्र सुरुवातीलाच सांगते. लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात देव इस्राएलला बजावतो की जमीन कायमची विकायची नाही, कारण ती माझी आहे आणि तुम्ही इथे उपरे आहात. पन्नासाव्या, योबेलच्या वर्षी ती मूळ घराण्याकडे परत गेली पाहिजे. उत्पत्तीच्या त्याच अध्यायात, सत्ता दिल्यानंतर लगेच पुढच्या वचनात, माणसाला खायला फक्त वनस्पती दिल्या आहेत. माशांवर सत्ता मिळाली, पण मासा खायची परवानगी नाही. ती आली नोहाच्या जलप्रलयानंतर. आणि दुसऱ्या अध्यायात आदामाला बागेत ठेवले ते मशागत आणि राखण करायला. सैतानाच्या नावे चढलेल्या सातबाऱ्याचे उत्तर तर दुसऱ्या शतकातच देऊन झाले होते. लूकच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला सगळी राज्ये दाखवून ही माझ्या हाती सोपवलेली आहेत असे म्हणतो. लिऑनचे बिशप इरेनियस यांनी साफ सांगितले की तो खोटे बोलत होता. राज्ये देणारा देव, सैतान नव्हे. मंडपातल्या प्रवचनकारांनी सैतानाचा शब्द प्रमाण धरला, हे मला फार लागले.

अँब्रोज आणि ऑगस्टीन या चर्चच्या आद्य आचार्यांची नावे सर्वांना माहीत आहेत. निसर्गाने सर्व काही सर्वांना दिले, खाजगी हक्क नंतर बळकावण्यातून आला, असे अँब्रोज म्हणतात. ऑगस्टीन म्हणतात, हे शेत माझे, ते घर तुझे, ही भाषा सम्राटाच्या कायद्याची आहे, देवाच्या नव्हे. बाराव्या शतकात ग्रेशियनने चर्चचे कायदे संकलित केले, त्यातही निसर्गनियमाने सगळे सामायिक असल्याचे नोंदले आहे. म्हणजे मालकी ही पतनानंतरची, आदामाच्या पापानंतरची व्यवस्था. भांडणे होऊ नयेत म्हणून केलेली सोय. जेरेमी कोहेन या अभ्यासकाने १९८९च्या आपल्या ग्रंथात या एका वचनाचे प्राचीन आणि मध्ययुगीन वाचन तपासले आहे. ज्यू असोत वा ख्रिस्ती, त्या काळच्या वाचकांना त्यात निसर्ग ओरबाडण्याचा परवाना क्वचितच दिसला.

मग परवाना आला कुठून?

असिसीचे संत फ्रान्सिस १२२६ साली गेले. मागे एक पंथ ठेवून गेले, ज्याला स्वतःचे म्हणून काहीच ठेवायचे नव्हते. एकट्याचे नाही आणि पंथाचेही नाही. पण माणूस जेवतो, कपडे घालतो, कुठेतरी झोपतो. हे कुणाचे? तोडगा निघाला तो असा की मालकी पोपची, भिक्षूंचा फक्त वापर. १२७९ साली तिसऱ्या निकोलस पोपने हे आज्ञापत्र काढून पक्के केले. वापर आणि मालकी या दोन गोष्टी वेगळ्या होऊ शकतात, हे चर्चने कायद्याच्या भाषेत मान्य केले.

१३२२ साली बाविसाव्या जॉन पोपने हा तोडगा मोडला. हे आव्हिन्योंचे पोप, वृत्तीने पक्के कायदेपंडित. त्यांनी विचारले, भिक्षू अंडे खातो, चिजाचा तुकडा खातो, पावाचा घास खातो. आणि त्या अंड्याची मालकी रोमच्या चर्चकडे राहते, यावर कोण शहाणा विश्वास ठेवील? खाल्ल्यावर अंडे उरतच नाही. जी वस्तू वापरताना संपते, तिचा वापर आणि मालकी वेगळी काढता येत नाही. म्हणून अशा वस्तूंवरची चर्चची मालकी त्यांनी सोडून दिली आणि भिक्षूंना मालक व्हायला भाग पाडले. प्रार्थनामंदिरे, मठांच्या इमारती, उपासनेची भांडी, पुस्तके आणि वस्त्रे मात्र त्यांनी या निर्णयातून वगळली.

प्रामाणिकपणे सांगायचे तर अंड्याच्या बाबतीत पोपचे बरोबर होते. फ्रान्सिस्कनांच्या तोडग्यात सोयीची पळवाट होतीच. गरिबी आपली आणि मालकीचे ओझे दुसऱ्याच्या माथी, हे किती दिवस चालणार?

पण पोप अंड्यापाशी थांबले नाहीत. पंथाचे प्रमुख चेझेनाचे मिकेले आणि पंथातलेच तत्त्वज्ञ ऑकमचे विल्यम मे १३२८मध्ये रात्री आव्हिन्योंहून पळाले आणि बव्हेरियाच्या लुडविग राजाच्या आश्रयाला गेले. त्यांना उत्तर म्हणून १३२९च्या नोव्हेंबरात पोपने एक लांबलचक आज्ञापत्र काढले आणि त्यात थेट एदेन बागेत शिरले. मालकी मानवी कायद्याने आली नाही, असे त्यांनी लिहिले. ती पतनाआधीचीच. हव्वा घडवली जाण्याआधी आदाम एकटा होता, तेव्हा पृथ्वीवरच्या वस्तूंची मालकी देवाने त्याला एकट्याला दिली होती.

इथे भाषेचा एक खेळ आहे. लॅटिनमध्ये ‘दोमिनियुम’ म्हणजे सत्ता आणि ‘दोमिनियुम’ म्हणजे मालकीही. आपल्याकडे ‘धनी’ शब्दाचे तसेच आहे : गड्याचा धनी, शेताचा धनी. ऑकमच्या विल्यमने प्रचंड ग्रंथ लिहून हीच गाठ सोडवायचा प्रयत्न केला. आदामाला मिळाली ती राखण्याची, चालवण्याची ताकद. विकत घेणे, विकणे, दुसऱ्याला अडवणे, कोर्टात दावा लावणे ही मालकी त्याला मिळाली नव्हती. ती आली पापानंतर, माणसांच्या करारातून. ग्रंथ ताकदीचा आहे, पण ग्रंथकार बहिष्कृत होता.

या सगळ्या प्रकरणाला आपण काय समजतो? कफनी किती आखूड असावी, यावरचा भिक्षूंचा वाद. उंबेर्तो एको यांची ‘द नेम ऑफ द रोझ’ ही कादंबरी १३२७ साली घडते आणि त्यात हा वाद आहे. पण वाचक खुनांचा छडा लावत पुढे जातो, आणि त्यात त्याची चूक नाही. इतिहासाची पाठ्यपुस्तकेही उत्पत्तीवरून उडी मारून थेट कोलंबसाच्या जहाजावर उतरतात. मधल्या त्या एका वाक्यात देवाची जमीन राखणारा आदाम पहिला जमीनमालक झाला, हे आपल्या नजरेतून सुटते.

एकदा मालक आदाम तयार झाला की त्याचे वारस कोण, एवढेच भांडण उरते. इंग्लंडमधला सर रॉबर्ट फिल्मर प्रॉटेस्टंट, पोपच्या सत्तेचा विरोधक. पण १६८० साली छापल्या गेलेल्या त्याच्या ‘पॅट्रिआर्का’त हाच आदाम आहे : सगळ्या पृथ्वीचा एकटा धनी, आणि राजे त्याचे वारस. जॉन लॉकने पुस्तक लिहून त्याला उत्तर दिले. लॉकचे व्याकरण अचूक होते. मूळ वचनात देव अनेकवचनात बोलतो, म्हणजे देणगी आदामाला एकट्याला नव्हे, सगळ्या मानवजातीला. राजांचा वारसाहक्क तिथेच कोसळला. लोकशाहीवर प्रेम करणारे इथे टाळ्या वाजवतात, आणि वाजवाव्यात. पण त्याच पुस्तकाच्या दुसऱ्या भागात, मालमत्तेवरच्या प्रकरणात, लॉक सामायिक पृथ्वी पुन्हा वाटून टाकतो. जो कसतो त्याची जमीन. जी कसलेली नाही ती पडीक, वाया गेलेली. याचे उदाहरण म्हणून तो वारंवार अमेरिकेकडे बोट दाखवतो. कॅरोलिना वसाहतीच्या मालकांचा तो काही वर्षे सचिव होता. जिथले लोक शिकार करत, रान राखत, ऋतूप्रमाणे जागा बदलत, त्यांचा वापर मालकी म्हणून मोजलाच गेला नाही.

पोर्तुगीज तोवर आपल्या किनाऱ्यावर येऊन रुळले होते. १४५५च्या आज्ञापत्राने पाचव्या निकोलस पोपने त्यांच्या राजाला आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आणि त्याही पलीकडे जिंकण्याचा अधिकार दिला. गोवा १५१०मध्ये पडले, वसई १५३४मध्ये गुजरातच्या बहादूरशाहाने देऊन टाकली. स्पेनमधल्या सालामांका विद्यापीठातल्या व्हितोरियाने १५३९ साली जाहीर व्याख्यानात सांगितले होते की पोप साऱ्या जगाचा धनी नाही आणि सम्राटही नाही, आणि अमेरिकेतले मूळ रहिवासी त्यांच्या जमिनीचे खरे मालक होते. त्याचा सन्मान मी करतो. पण त्यालाही न्याय द्यायचा तर ‘मालक’ हाच शब्द वापरावा लागला. गोव्यात १५२६च्या पोर्तुगीज सनदेने गावकरीची रीत मान्य केली : जमीन गावाची, कसणारा बदलता. अशा व्यवस्था ऑकमला ताबडतोब समजल्या असत्या.

परकी भूमी ‘शोधणाऱ्या’ची मानणारा ‘शोधाचा सिद्धांत’ व्हॅटिकनने ३० मार्च २०२३ रोजी नाकारला. २०१५च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पोप फ्रान्सिस यांनी उत्पत्तीचे वचन मशागत आणि राखणीच्या जोडीने वाचायला सांगितले, आणि त्या पोपने असिसीच्या संताचे नाव घेतले होते. आमच्या वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईसाठी लढा दिला, त्यामागेही हेच वाचन होते. मला याचा आधार वाटतो. पण बाविसाव्या जॉनचे अंडे अजून कुणी बाजूला ठेवलेले नाही. वापरताना संपणाऱ्या वस्तूचा नियम आपण जमिनीला, पाण्याला लावतो. वापर म्हणजे मालकी, आणि मालकी म्हणजे संपवण्याचा हक्क. मठाची इमारत अंड्यासारखी नाही, हे त्या पोपलाही कळत होते.

सभेनंतर काही दिवसांनी मी त्या शेजारच्या गृहस्थांकडे गेलो. भांडायला नव्हे. त्यांनीच कपाटातून सातबारा काढून दाखवला, बावखल आपल्याच हद्दीत होते हे पटावे म्हणून. हद्द बरोबर होती. मी त्यांना वरचा रकाना वाचायला सांगितला. तिथे ‘मालक’ असा शब्दच नव्हता. ‘भोगवटादाराचे नाव’ असे छापलेले होते, आणि त्याखाली त्यांचे, त्यांच्या दोन भावांचे आणि आईचे. क्षेत्राच्या रकान्यात बावखलाची जागा ‘पोटखराबा’ म्हणून नोंदलेली. न कसता येणारी, आकाराबाहेरची. लॉकला हवा तोच शब्द.

“म्हणजे ती कामाचीच नव्हती ना?” ते म्हणाले.

त्यांच्या आई ओटीवर बसून वाल सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “सहा घरं पाणी भरायची तिथून. रहाट आपला, पण दोर सगळ्यांचे.”

यंदाच्या उन्हाळ्यात त्या सहापैकी चार घरांच्या विहिरींचे पाणी मचूळ झाले. सकाळी सातच्या सुमाराला आळीच्या तोंडाशी टँकर उभा राहतो. बुजवलेल्या जागेवर अजून काही बांधलेले नाही. टँकर वळायला तिथेच जागा मिळते.